टाक्यांची भीती, डिंकाचे लाडू आणि दिवसाला दोन पेले पाणी

पत्र:

ताई नमस्कार, मी २७ वर्षांची, बाळंतपणाला माहेरी आलेय, सोलापुरातच, अक्कलकोट रोडला. सिझर होऊन आज १२ दिवस झाले, बाळ छान आहे पण माझं पोट काही ठिकाणावर येईना. चार दिवस नीट संडासला झालेलं नाही. जाते, पण टाके उसवतील म्हणून जोरच देत नाही आणि तशीच उठून येते. पोट फुगतं, गॅस धरतो, भूक मेलीय. आई सकाळी दोन संध्याकाळी दोन डिंकाचे लाडू देते, जेवायला भाकरी नि मेथी, आणि पाणी दिवसभरात दोनच पेले. म्हणते बाळंतिणीनं पाणी जास्त प्यालं की पोट सुटतं आणि टाके ओले राहतात. सासूबाई फोनवर सांगतात ताक नको फळं नको, बाळाला सर्दी होईल. रक्तवाढीच्या गोळीने संडास काळी नि घट्ट होते म्हणून ती मी चार दिवसांपासून बंदच केलीय. आईला काही बोललं की तिच्या डोळ्यात पाणी येतं, म्हणते आम्ही पण पोरं काढलीच की. मी काय करू? — एक बाळंतीण

उत्तर:

बाळा, सगळ्यात आधी एक गोष्ट विचारते, गॅस खालून सरतोय ना? तू "गॅस धरतो" एवढंच लिहिलंयस, पण धरून मग सुटतोय का अजिबात सुटतच नाही यात लई फरक आहे. सरत असेल, खाल्लेलं थोडं का होईना पोटात टिकत असेल, ताप नसेल, तर पुढचं निवांत वाच. पण पोट ढोलासारखं ताणलंय, गॅस सरतच नाही, उलट्या होतायत, ताप १००.४ च्या वर गेलाय, टाक्यांची जागा लाल-गरम झालीय किंवा पू येतोय, अंगावरून जातंय त्याला घाण वास येतोय, एकाच पायाची पोटरी सुजून दुखतीय, छातीत दुखून दम लागतोय, यातलं एक जरी असलं तरी हे वाचत बसू नको. आजच, रात्र असली तरी, जिथं सिझर झालं तिथं जा. सिझरनंतर आतडं अडून बसणं क्वचित होतं पण होतं, आणि तेव्हा घरचा काढा नि ओव्याची फक्की करत वेळ घालवायचा नसतो.

आता तुझं. मी २९ वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात नोकरी केली, आणि खरं सांगते, सिझरच्या बायका टाक्यांच्या दुखण्यापेक्षा पोटाच्या या त्रासाने जास्त रडलेल्या बघितल्यात, फक्त तो त्रास सांगायला लाजतात. तू लिहिलंस ते फार बरं केलंस.

सिझरमध्ये आतड्याला कुणी कापत नाही, पण पोट उघडलं की आतड्याचं काम थंडावतं. वरून भूल असते, ट्रामाडॉलसारखी कडक पेनकिलर दिली असेल तर ती आतड्याला आणखी सुस्त करते, आणि आपण आडवेच पडून असतो. बहुतेकींचा गॅस एक-दोन दिवसांत सरायला लागतो आणि पहिली संडास तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत होते. आता तर बऱ्याच ठिकाणी ऑपरेशननंतर काही तासांतच थोडं थोडं प्यायला-खायला देतात, उठवून चालवतात, कुठं कुठं तर च्युइंगम चघळायला सांगतात, कारण तोंड चावायला लागलं की आतड्याला वाटतं जेवण आलं आणि ते काही तास लवकर जागं होतं. पण तुझा आज बारावा दिवस, म्हणजे आतडं झोपलेलं आहे ही गोष्ट मागे पडली. आता जे चाललंय ते कोरडेपणाचं आहे आणि भीतीचं आहे.

भीतीचं आधी बोलते कारण ती माझ्या अंगावरून गेलीय. माझं सिझर झालं तेव्हा मी नोकरीला लागले नव्हते, आम्ही गिरणीच्या चाळीत राहायचो, संडास चाळीच्या टोकाला, सकाळी डबे घेऊन रांग. दवाखान्यातून सोडताना "आराम करा, जड उचलू नका" एवढं सांगितलं, संडासचं एक अक्षर कुणी काढलं नाही. मी टाक्यांना घाबरून आणि रांगेला लाजून सहा दिवस कळ मारली. सातव्या दिवशी झाली ती दगडासारखी, आत चीर पडली, रक्त आलं, आणि ती चीर भरायला दोन महिने गेले, रोज सकाळी संडासला जायचं म्हटलं की अंगावर काटा यायचा. टाके? टाके जिथल्या तिथं होते, त्यांना काही झालं नव्हतं. म्हणून तुला हात जोडून सांगते, कळ आली की मारू नको. सिझरचे टाके आत थरावर थर असतात, पोटाचा जो मजबूत पडदा असतो तो चांगल्या जाड धाग्याने शिवलेला असतो, संडासला साधं बसल्याने तो उसवत नाही. धोका आहे तो दिवसेंदिवस अडवून मग एकदम जिवाच्या आकांताने कुंथण्यात.

बसायचं कसं ते नीट सांगते. कमोड असेल तर पायाखाली घरातला पाट घे, किंवा बादली पालथी घाल, गुडघे कमरेच्या वर आले पाहिजेत, आणि थोडी पुढे वाक, कोपरं मांडीवर टेकव. घरात देशी संडास असेल आणि उकिडवं बसून टाके ओढत असतील तर खाली ठेवायची कमोडची खुर्ची मिळते, महिनाभर ती आणा. आणि एक छोटी उशी किंवा घडी घातलेला टॉवेल आत घेऊन जा, दोन्ही हातांनी टाक्यांवर अलगद दाबून धर, पोटाला आधार मिळाला की मनाची निम्मी भीती तिथंच जाते. खोकला आला, शिंक आली तरी हीच उशी. श्वास कोंडून जोर द्यायचा नाही, तोंड उघडं ठेवून हळू हळू श्वास सोडत राहायचं, फुंकर मारल्यासारखा. दहा मिनिटांत नाही झालं तर उठ, परत कळ येईल तेव्हा ये, तिथं अर्धा अर्धा तास बसून मूळव्याधीला आमंत्रण नको. रक्त दिसलं, गाठ हाताला लागली तर लाजू नको, डॉक्टरांना दाखव.

वेळ कुठली, तर सकाळी काहीतरी गरम प्यायल्या-खाल्ल्यावर वीस मिनिटं अर्धा तास. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं आपोआप हलतं, ती कळ सगळ्यात चांगली. पण नेमकं तेव्हाच बाळ रडतं, होय ना? आणि तू कळ दाबून बाळाला घेतेस, आणि ती कळ जी जाते ती दुसऱ्या दिवशीच येते. तेवढी पंधरा मिनिटं बाळ आईकडे द्यायचं. रडू दे थोडं, आजीच्या खांद्यावर रडलेलं पोर काही बिघडत नाही.

आता पाण्याचं. यावर मी जरा जास्तच बोलणार, कारण दोन पेले वाचून माझ्या पोटात कालवलं.

एप्रिल चाललाय, आपल्या सोलापुरात दुपारी पारा ४२ ला टेकतो, घरात पंख्याखाली बसलेला माणूससुद्धा तांब्यावर तांब्या रिकामा करतो, आणि जी बाई बाळाला पाजतीय तिला दिवसाला दोन पेले! आईच्या दुधात शंभरातले ८७-८८ भाग पाणीच असतं. बाळ दिवसाला अर्धा-पाऊण लिटर दूध ओढतं, ते पाणी कुठून येणार, तुझ्याच अंगातून ना. आणि मोठ्या आतड्याचं काम काय, तर मळातलं पाणी शोषून शरीराला परत देणं. अंगात पाण्याची तंगी झाली की ते थेंब न् थेंब पिळून घेतं आणि मागे राहते ती सुकलेल्या मातीच्या ढेकळासारखी संडास, मग ती पुढं सरकत नाही, मागे गॅस साठतो, पोट फुगतं, भूक मरते. तुझ्या पत्रातल्या चार तक्रारींची मुळी बहुतेक ही एकच आहे.

आणि प्यालेलं पाणी टाक्यांपर्यंत जातच नाही. ते आतड्यातून रक्तात जातं, तिथून दुधात, घामात, लघवीत. टाके ओले राहतात ते घामाने आणि आंघोळीनंतर नीट न टिपल्याने, म्हणून पोटाच्या घडीखाली स्वच्छ कोरड्या कापडाने अलगद टिपून घे, तेवढं पुरे. पोट सुटणं पण पाण्याने नाही, नऊ महिने ताणलेल्या स्नायूंमुळे पोट लोंबतं, गर्भपिशवी आकसून जागेवर यायलाच सहाएक आठवडे लागतात.

किती प्यायचं याचा हिशोब सोपा ठेव. बाळ २४ तासांत आठ ते बारा वेळा पितं, तर बाळ प्यायला बसलं की आईनं तुझ्या हातात एक पेला द्यायचा. बाळाचा एक घोट, तुझा एक घोट. तेवढ्यानेच दोन-अडीच लिटर होतं, उन्हाळा आहे म्हणून थोडं अजून. लघवी फिकट पिवळी दिसली की बरोबर चाललंय समज, गडद दिसली की अजून पी. कोमट पाहिजे तर कोमट, त्याला माझी काही हरकत नाही. पण उकळून गार केलेलं हवं, कारण आपल्याकडे बऱ्याच भागांत नळाला रोज पाणी येत नाही, टाकीत ड्रमात चार चार दिवस भरून ठेवलेलं असतं, त्यात जुलाब लागले तर बाळंतीण अजून खंगेल.

आता आईचं. हा भाग तू मोठ्याने वाचून दाखव त्यांना.

ताई, तुम्ही लेकीच्या काळजीने डिंक तळताय, खोबरं भाजताय, उन्हाळ्यात चुलीपुढं, गॅसपुढं उभ्या राहताय, ते मला इथून दिसतंय. तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. तुम्ही पोरं काढलीत हे खरंच, पण तुमच्या वेळचा बराचसा अनुभव नॉर्मल बाळंतपणाचा होता. आता २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात साधारण चार बाळंतपणांत एक सिझरचं निघालं. या पोरीचं पोट उघडलंय, हिला रक्ताच्या गोळ्या, कॅल्शियम, दुखण्याच्या गोळ्या दिलेल्या असणार, हिचं पोट आज चार लाडू पचवायच्या ताकदीचं नाही. डिंक, आणि सोबत तूप खोबरं खारीक, म्हणजे जड. त्यात पाणी नाही, मग पोटाला आणखी जड. म्हणून लाडू बंद करू नका, एक करा, सकाळचा, लहान, आणि त्याच्यामागे पेलाभर पाणी. बाकीचे डब्यात राहू द्या, पोट मोकळं झालं की ती स्वतः मागेल. आणि पाण्याला मन घेतच नसेल तर पातळ पदार्थ वाढवा, ते तर आपल्याच घरातले आहेत, हुलग्याचं माडगं, ज्वारीची अंबील, मुगाचं कढण, भाताची पेज. बाळंतिणीला माडगं द्यायला कुठली आजी नको म्हणाली ते सांगा मला.

माडग्याला हुलगे मंद आचेवर तांबूस होईपर्यंत भाजायचे, भाजल्याचा तो खमंग मातकट वास घरभर सुटला की झाले, मग जाडसर दळायचे. दोन चमचे पीठ गार पाण्यात कालवून गुठळ्या मोडायच्या, उकळत्या पाण्यात सोडायचं, गूळ, चिमूट सुंठ, मीठ, आणि ढवळत राहायचं. फक्त नेहमीसारखं दाट नको, वाटीने पिता येईल असं पातळ करा. पोट फारच फुगलेलं असेल तर पहिले दोन दिवस मुगाचं कढण द्या, हुलगे मग सुरू करा, हुलग्यानेसुद्धा कुणाकुणाला गॅस होतो.

हां, आता परत तुझ्याशी. भाकरी आपली चांगलीच, ज्वारीत कोंडा असतो, पण कडक भाकरी सध्या नको, ताजी मऊ भाकरी वरणात किंवा ताकात कुस्करून खा. मेथी रोज रोज नको, शेपू, दोडका, दुधी, पडवळ, तांदुळजा आलटून पालटून. शेंगाची चटणी कमी तिखटाची चमचाभर चालेल, सोलापूरच्या पोरीला ती महिनाभर तोडायला सांगणं माझ्याने होणार नाही. रात्री दहा-बारा काळ्या मनुका आणि दोन अंजीर भिजत घाल, सकाळी चावून खा आणि ते पाणी पण पी. पंढरपूरकडचे बेदाणे घरात असतील तर तेही चालतील. पिकलेली पपई, पिकलं केळं, डाळिंब, पेरू सगळं चालतं. अळिवाची खीर आई करत असेलच, अळीव आधी चांगले भिजवून फुलले पाहिजेत, त्यांचा बुळबुळीतपणा संडास मऊ करायला फार कामाचा. जेवणानंतर ओवा, बाळंतशोपा, तीळ भाजलेले चिमूटभर नीट चावून खायचे, गिळायचे नाहीत. एका वेळी ताट भरून नको, पाच-सहा वेळा थोडं थोडं.

सासूबाईंना सांग, ताक फ्रिजमधलं नको, घरचं ताजं, जिरं घातलेलं, दुपारी वाटीभर. ताकाने बाळाला सर्दी होत नाही, सर्दी विषाणूने होते, घरात शिंकणाऱ्या माणसाने बाळाचा मुका घेतला की होते. तुझा गॅस पण दुधातून बाळाकडे जात नाही, तो आतड्यातच असतो, दुधात कसा जाईल. अमुक खाल्लं की बाळ खरंच दर वेळी कळवळतं असं दोन-तीनदा दिसलं तर तो एक पदार्थ थांबवून बघ, पण त्या भीतीने सगळंच बंद करून भात आणि तूप एवढ्यावर राहू नको.

गोळीचं जरा रागावून सांगते. रक्तवाढीची गोळी अशी मनाने बंद करायची नसते. सिझरमध्ये रक्त जातं, आणि आपल्या सरकारी कार्यक्रमात बाळंतपणानंतर १८० दिवस रोज एक गोळी सांगितलेली आहे, ६० मिलिग्रॅम लोहाची, ती उगाच नाही. संडास काळी होणं हे त्या लोहामुळेच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. घट्ट होते हे मात्र खरं, तर डॉक्टरांना तसं सांग, ते दुसऱ्या प्रकारची गोळी देतात किंवा वेळ बदलतात. चहा, दूध आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर ती घेऊ नको, निदान दोन तासांचं अंतर, लिंबूपाण्याबरोबर घेतलीस तर अंगी जास्त लागते. आजपासून परत सुरू कर.

बाजारातली चूर्णं, एरंडेल, सोनामुखीचे काढे शेजारच्या काकूंनी आणून दिले तर ठेवून दे, घेऊ नको, मुरडा आला की टाक्यांच्या पोटात फार हाल होतात. इसबगोल चालतो, रात्री एक-दोन चमचे मोठ्या पेलाभर पाण्यात, फुगायच्या आत लगेच प्यायचा आणि वरून अजून एक पेला, पाणी कमी पडलं तर हाच इसबगोल उलटा अडकून बसतो, आणि गोळ्यांपासून दोन तास लांब. संडास मऊ करणारं लॅक्टुलोजचं सिरप पाजणाऱ्या आयांना डॉक्टर बिनधास्त देतात, ते मागून घे. एनिमा घरी कुणी करायचा नाही.

चालणं सोडू नकोस. सकाळी सहाला ऊन यायच्या आत गच्चीवर नाहीतर अंगणात दहा मिनिटं, आणि दिवसभरात घरातल्या घरात तीन-चार वेळा. वाकून नाही, पाठ सरळ ठेवून, लहान पावलं. उठताना आधी कुशीवर वळ, मग हाताच्या आधाराने उठ, थेट पोटावर जोर देऊन उठू नको. बाळापेक्षा जड काही उचलू नको, पाण्याची कळशी तर नाहीच, पाणी आलं म्हणून हातातलं सोडून धावायची आपल्याकडे सवय असते म्हणून मुद्दाम लिहितेय. पोट बांधत असाल तर सैल, बोटं आत सहज गेली पाहिजेत, आवळून बांधलं की गॅस अजून कोंडतो. आणि शेक शेगडीचा नको. टाक्यांभोवतीची कातडी कित्येक महिने बधिर असते, भाजलेलं कळत नाही, आणि बंद खोलीत निखाऱ्याचा धूर बाळाच्या छातीला घातक आहे. गॅस धरला तर डाव्या कुशीवर गुडघे जवळ घेऊन पड, कंबर नि पाठ गरम पाण्याच्या पिशवीने शेकवून घे, टाके सोडून.

उद्या सकाळी सुरुवात कर. उठल्यावर कोमट पाण्याचे दोन पेले, मनुका-अंजीर, वाटीभर मुगाचं कढण किंवा पातळ माडगं, बाळ आईकडे, उशी घेऊन आत. उद्या नाही झालं तर परवा. पोट चार दिवस आधीच अडलंय, म्हणून परवाची संध्याकाळ हीच शेवटची मुदत, तोपर्यंत मोकळं झालं नाही तर डॉक्टरांकडे जा, आणि जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं, दुखण्याच्या गोळीचं रिकामं पाकीट असेल तर तेसुद्धा, पिशवीत घालून ने.